गजराची वरात

यल्लाप्पानं तिसऱ्यांदा पालुपद परत धरलं आणि तिकडं पडद्यावर गजरा नदी ओलांडून आपल्या आईच्या सोंडेला बिलगलीसुद्धा. मीनाबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

"का गं? का थांबलं समदं?" शेजारच्या खुर्चीतून आक्कानं विचारलं. आक्का यल्लाप्पाची थोरली बहीण. नेसरीहून सकाळच्या एसटीनं ठेवणीतलं जरीकाठी लुगडं नेसून आली होती, आणि मंडपात शिरल्यापासून तिला प्रत्येक गोष्टीचं कारण हवं होतं.

"हत्तीण पोचली पलीकडं. ह्यांचा बँड अजून अलीकडच्या काठावरच हाय."

"मग थांबायचं की तिनं जरा. कुठं पळून चाललीया?"

"पडद्यावरची हाय ती, आक्का. ती कुणासाठी थांबत न्हाय."

आक्काला ते काही पटलं नाही. पण एवढ्यात पुढं अक्षतानं काडी खाली ठेवली, आणि सगळा मंडप गप्प झाला.

सकाळपासून तालीम चालली होती. कोल्हापुरातलं ते एवढं मोठं मैदान, त्यावर काळ्या कापडानं झाकलेला मंडप आणि मंडपाच्या टोकाला दोन मजली घराएवढा पडदा. पडद्यावर 'गजरा'. आता घरात पोर असलेल्या माणसाला 'गजरा' म्हणजे काय हे सांगायला नको. कळपातून चुकलेलं हत्तीचं पिल्लू आईला शोधत सगळं रान पालथं घालतं आणि भेटेल तो प्राणी त्याला एक गाणं ऐकवतो, असा तो कार्टूनचा पिक्चर. पोरांनी पाठ करून आईबापांना सळो की पळो करून सोडलं होतं. आज संध्याकाळी तोच पिक्चर लागणार होता, पण त्यातलं गाणं-वाजवणं काढून टाकलेलं. ते पडद्याखाली बसलेली खरीखुरी माणसं वाजवणार आणि गाणार. पुण्याहून व्हायोलिनवाले, बासरीवाले, गाणारे असा चाळीसएक जणांचा ताफा आला होता. आणि शेवटच्या गाण्याला, सगळे प्राणी मिळून गजराला वाजतगाजत तिच्या आईकडं नेतात त्या वरातीला, कागलचा प्रज्ञा ब्रास बँड. त्यातला क्लॅरिनेटवाला आणि मास्तर म्हणजे मीनाबाईचा नवरा.

आणि ह्या सगळ्यांपुढं हातात ताल दाखवायची काडी घेऊन उभी होती ती मीनाबाईची धाकटी, अक्षता.

"वरातीचं पालुपद दोनदाच घ्यायचंय," अक्षता समोरच्या कागदांकडं बघत म्हणाली. "क्लॅरिनेटनं तिसऱ्यांदा घेतलं की चित्र पुढे निघून जातं. कानातल्या बटनात चित्राच्या तालाची टिकटिक दिलेली आहे, ती ऐकायची."

क्लॅरिनेटनं! जणू ते क्लॅरिनेट आपलं आपणच वाजत होतं आणि त्याच्यामागं सहा फुटांचा, लाल कोटातला, पांढऱ्या मिशांचा माणूस बसलाच नव्हता. यल्लाप्पाही काही कमी नव्हता. शेजारी ट्रंपेट घेऊन त्याचा धाकटा भाऊ गुंडू बसला होता. यल्लाप्पा त्याच्याकडं वळून म्हणाला, "सांग तिला. म्होरं पोरं नाचत हुती."

"पोरं नाचत हुती म्हणतोय दादा," गुंडूनं दोन हात अंतरावर उभ्या असलेल्या अक्षताला ओरडून सांगितलं.

पोरं नाचत होती हे खरंच होतं. शाळेतली आठ-दहा पोरं ससा, खार, अस्वल असे वेष घालून वरातीत नाचायला घेतली होती आणि त्यातली खार काही थांबायचं नाव घेत नव्हती. बँडाचा नियम यल्लाप्पाच्या बापापासूनचा: म्होरलं माणूस नाचतंय तोवर पालुपद सोडायचं नाही. नवरदेवाचे मित्र दमेपर्यंत, जयंतीच्या मिरवणुकीत पोरांची हौस फिटेपर्यंत, पंधरा वेळा म्हणा, वीस वेळा म्हणा, फिरवत राहायचं. नाचणाऱ्याचा पाय हवेत असताना ज्यानं सूर सोडला त्याला कागलपासून बिद्रीपर्यंत कुणी सुपारी दिली नसती. असं चाळीस वर्षं वाजवलेल्या माणसाच्या कानात ती टिकटिक घालून ठेवली होती, आणि तो ती डास बसल्यासारखी झटकत होता.

"परत घेऊ," अक्षता म्हणाली, आणि काडी उचलायच्या आधी तिनं मंडपाच्या कडेला बघितलं. नेमकं त्याच वेळी यल्लाप्पानंही मंडपाच्या कडेला बघितलं. चाळीस-पन्नास माणसांच्या गर्दीत बापलेकीनं एकमेकांना सोडून मीनाबाईकडं बघितलं.

सहा वर्षं हे असंच चाललं होतं. अक्षता आठ वर्षांची असल्यापासून यल्लाप्पानं तिला स्वतः शिकवलं होतं. पोरगी ट्रंपेट वाजवते म्हणून लोक वरात बघायला माड्यांवर उभे राहायचे, आणि यल्लाप्पाची मान अशी ताठ व्हायची की टोपी मागं पडायची. मग ऐन लगीनसराईत एका सकाळी तिनं लाल कोट घडी करून खुर्चीवर ठेवला, मला पुण्याला जाऊन शिकायचंय म्हणाली आणि एसटी धरली. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलली नव्हती. सणासुदीला एका खोलीत बसून जेवायची, पण "तुझ्या पोरीला भाजी पाहिजे का विचार" आणि "आई, नको म्हणून सांग." सगळं टपाल मीनाबाईच्या हातून.

आता टपाल जसंच्या तसं पोचवायला मीनाबाई काही सरकारी नोकरीत नव्हती. यल्लाप्पा म्हणायचा, "मेलो तरी कळवू नको तिला," आणि मीनाबाई फोनवर सांगायची, "बाबा विचारत हुतं, जेवलीस का म्हणून." पोरगी म्हणायची, "त्यांना काय पडलंय माझं!" आणि मीनाबाई घरात येऊन सांगायची, "अक्षता विचारत हुती, तुमचं गुडघं कसं हाईत." दोघांचा राग तिच्या कानातून आत जायचा आणि तोंडातून साखर होऊन बाहेर पडायचा. ह्या कार्यक्रमाचं आमंत्रणसुद्धा असंच. पोरगी फोनवर एवढंच म्हणाली होती की ब्रासची आठ माणसं लागतात, आपल्या बँडातलं कोण येतंय बघ. मीनाबाईनं यल्लाप्पाला सांगितलं, "पोरगी म्हणतीया, बाबांशिवाय माझा कार्यक्रम उभाच ऱ्हायचा न्हाय." यल्लाप्पा बराच वेळ मिशी चोळत बसला आणि मग म्हणाला, "कोट इस्त्री करून ठेव." मीनाबाईनं उलट टपाली कळवलं, "बाबा म्हणत्यात, पोरीच्या हाताकडं बघून वाजवायला मला आनंदच हाय."

परत घेतलं तेव्हाही तेच झालं. खार नाचली, यल्लाप्पानं पालुपद फिरवलं आणि हत्तीण पुढं गेली. तिसऱ्या रांगेत पुण्याचे मोठे साहेब बसले होते. गावोगावचे कार्यक्रम एरवी तेच चालवायचे, आजचा तेवढा अक्षताच्या गावाकडचा म्हणून तिच्या हातात दिला होता. नीट झाला तर सांगलीपासून पुढचा सगळा दौरा तिचा. साहेबांनी घड्याळात बघितलं, आणि दुपार कलल्यावर अक्षतानं जेवायची सुट्टी दिली.

जेवण बँडाच्या टेम्पोशेजारी ताडपत्रीवर होतं. ज्वारीच्या भाकऱ्या, खर्डा, वांग्याची भाजी, दही. बँडातली बाकीची माणसं पलीकडं सावलीला बसली, घरची माणसं इकडं. यल्लाप्पा जेवायला बसला नाही. टेम्पोच्या पायरीवर बसून क्लॅरिनेटच्या तोंडाकडची वेताची पत्ती फडक्यानं पुसत राहिला. पुसून पुसून पत्ती झिजायची वेळ आली.

"मी पहिल्यापासून सांगत हुतो," बुद्धभूषण हळू आवाजात म्हणाला. मीनाबाईचा थोरला, बिद्रीला शाळेत मास्तर. "बाबांना ह्यात घालू नका. आयुष्यभर रस्त्यावर चालत वाजवलेला माणूस. खुर्चीत बसवून कानात टिकटिक घातली तर हसं हुणार. माझं कुणी ऐकलं?"

"हसं कशानं?" गुंडू भाकरी मोडत म्हणाला. "दादाचं वय झालं, दुसरं काय. एक सांगू का वैनी? ती वरातीची ओळ मला दिली तर मी घेतो सांभाळून. मला बी समदी पाठ हाय."

"तुला लई दिवसांची पाठ हाय ती," आक्का म्हणाली. "दादाच्या खुर्चीकडं तुझा डोळा हाय ते मला नेसरीत बसून दिसतंय."

"आक्का, तू जेव की गं."

"जेवतीयाच. तोंडानं जेवतीया, डोळं उघडंच हाईत माझं."

एवढ्यात अक्षता आली. टेम्पोच्या पलीकडूनच तिनं आईला खुणेनं बोलावलं. मीनाबाई हात धुऊन गेली.

जवळून पोरीचा चेहरा बघितला आणि मीनाबाईला वाटलं हिला आत्ता मांडीवर घेऊन थोपटावं. खालचा ओठ दातात धरला होता. बापाचीच सवय.

"आई, साहेब म्हणाले, क्लॅरिनेट बदला नाहीतर वरातीला ब्रास नकोच, रेकॉर्ड लावू. बाबांची ओळ गुंडूकाकांना देतीया. तू तेवढं सांग त्यांना. तुला येतं सांगायला."

येत होतंच. मीनाबाईच्या जिभेवर ते तयारही झालं होतं. पोरगी म्हणतीया, तुमाला दम लागंल, जरा इसावा घ्या, तुमी मागं नुसतं बसला तरी तिला धीर हाय. पाव मिनिटाचं काम. यल्लाप्पा रुसला असता, पण बसला असता. आणि मग दिवाळीला दोघं परत एका खोलीत बसून भाजीचे निरोप धाडत बसली असती. मघाशी मंडपात दोघांनी आपल्याकडं कसं बघितलं ते तिला आठवलं. उद्या मी नसले तर ही दोघं बघणार कुणाकडं? तिला भीती वाटली, आणि भीतीपाठोपाठ रागही आला.

"न्हाय सांगणार," ती म्हणाली.

"आई!"

"तुझा बा हाय. तुला तोंड हाय. जा आणि सांग."

"ते माझ्याशी बोलत नाहीत."

"तू तरी कुठं बोलतीस? मगाशी काय म्हणालीस, क्लॅरिनेटनं दोनदाच घ्यायचं. क्लॅरिनेट काय आपल्या नात्यात हाय?"

अक्षता तिच्याकडं बघत राहिली. आपल्या आईला नाही म्हणता येतं हे तिला पहिल्यांदाच कळत असावं. मग तिनं ओढणी कमरेला खोचली, लहानपणी भांडायला जाताना खोचायची तशी, आणि टेम्पोच्या पायरीपुढं जाऊन उभी राहिली.

"बाबा."

यल्लाप्पानं मान वर केली आणि सवयीनं मीनाबाईकडं बघितलं. मीनाबाई आभाळाकडं बघायला लागली.

"बाबा, तुमच्याशी बोलतीया मी."

"बोल की," यल्लाप्पा क्लॅरिनेटला म्हणाला.

"संध्याकाळी वरातीची ओळ गुंडूकाका वाजवतील. तुम्ही मागच्या रांगेत बसा."

गुंडूला ठसका लागला. बुद्धभूषण ताडकन उठला. दुपारभर बाबांना ह्यात घालू नका म्हणून जीभ झिजवणारा हाच, पण आता त्याचा चेहरा लाल झाला होता. "अक्षू, हे बरं न्हाय हां. बोलवायचं नव्हतं तर बोलवायचं नव्हतं. आता कोट घालून आणलाईस माणसाला, अख्खं कागल बघायला येणार हाय. त्यांना मागं बसवायचं असंल तर आम्ही समदी घरला जातो."

"भूषण, खाली बस," आक्का म्हणाली. "मास्तरकी शाळंत कर. त्यांचं त्यांना बोलू दे."

यल्लाप्पानं फडकं गुडघ्यावर ठेवलं. त्याचा आवाज चढला नाही, आणि त्याचंच मीनाबाईला जास्त वाईट वाटलं. "मग बोलवलंस कशाला? बाबांशिवाय माझा कार्यक्रम उभा ऱ्हायचा न्हाय असा सांगावा धाडलास. मी काय आलो नसतो. तेवढ्या एका शब्दावर आलो."

"असं मी कधी म्हटलं?"

मीनाबाईनं डोळे मिटून घेतले.

"तुझी आई म्हणाली."

"मी म्हटलं, आठ माणसं लागतात, कोण येतंय बघ." अक्षता सावकाश म्हणाली. "आणि तुम्ही? पोरीच्या हाताकडं बघून वाजवायला आनंदच हाय, हे तुम्ही म्हणाला नव्हता?"

"मी म्हणालो, कोट इस्त्री करून ठेव."

मंडपातून कुणीतरी व्हायोलिन जुळवून बघत होतं. मग सगळ्यांच्या माना एकदम मीनाबाईकडं वळल्या.

"मीना!" आक्कानं कपाळाला हात लावला. "अगं सटवे!"

"व्हय, मीच!" मीनाबाई म्हणाली. आता लपवून काय उपयोग होता? "मग काय करायचं हुतं मी? एक म्हणणार, मेलो तरी कळवू नको. दुसरी म्हणणार, त्यांना काय पडलंय माझं. हे असलं एकमेकांना नेऊन दिलं असतं तर आज ह्या ताडपत्रीवर कोण बसलं असतं, सांगा की? सहा वरसं दोघांचं मीच बोलतीया. माझ्या वाटणीचं बोलायला मला येळ घावला न्हाय."

यल्लाप्पा बायकोकडं बघत होता. हळूहळू काहीतरी त्याच्या ध्यानात येत होतं. "मग ते गुडघ्याचं?"

मीनाबाईनं मान खाली घातली.

"दर इतवारी गुडघं कसं हाईत म्हणून विचारत हुती, ते?"

"ते बी मीच."

हे मात्र त्याला लागलं. कागलच्या चौकात चहाच्या गाड्यावर तो दहा जणांना सांगायचा, पोरगी बोलत नसली तरी दर आठवड्याला गुडघ्याची चौकशी करतीया म्हणून. मीनाबाईला ते माहीत होतं. त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि जमिनीकडं बघत विचारलं, "आणि ते पार्सलनं आलेलं गुडघ्याचं तेल?"

"तेल मी पाठवलेलं," अक्षता म्हणाली.

"तेल खरं हाय," मीनाबाई घाईघाईनं म्हणाली. "पार्सलावर तिचंच अक्षर हाय, बगा जावा."

अक्षता खाली बसली. पुण्यातल्या कार्यक्रमाचे ते काळे इस्त्रीचे कपडे, त्यांची पर्वा न करता मातीतच मांडी घातली. "बाबा, कोण येतंय बघ असं म्हटलं, कारण तुम्हाला या म्हणायची छाती झाली न्हाय. तुम्ही नाही म्हणाला असता तर मी काय केलं असतं? ती वरात मी पहिल्यांदा बसवली तेव्हापासून मला तुमचंच क्लॅरिनेट ऐकू येतंय. दुसऱ्या कुणाचं बसतच न्हाय तिथं."

"मग मागं का बसवतीस?"

"पालुपद सुटत न्हाय तुमच्याकडनं, म्हणून. आज हे बिघडलं तर मला परत हातात काडी मिळायची न्हाय."

हे पहिल्यांदाच कुणी साखर न लावता त्याला सांगितलं होतं. यल्लाप्पानं मिशीवरनं हात फिरवला.

"म्होरं लेकरू नाचत असलं की माझ्याच्यानं सुटत न्हाय, अक्षू," तो म्हणाला. सहा वर्षांनी त्यानं तिचं नाव घेतलं होतं. "टिकटिक ऐकू येती. न्हाय असं न्हाय. पण ते लेकरू पाय उचलून उभं असतंय. गुंडूला दे ओळ. मी बसतो मागं. खरंच बसतो."

आणि आता गंमत बघा. जो गुंडू सकाळपासून त्या ओळीसाठी टपून होता, तोच भाकरीचा तुकडा हातात धरून रडवेला झाला. "दादा, मला नको. मी कुठं टिकटिक ऐकतोय? मी तुझ्याकडं बघून वाजवतोय आणि तुझ्याकडंच बघून थांबतोय. आमी समदीच. तू मागं बसलास तर आमी मागं वळून बघत बसू."

पलीकडून बँडातल्या माणसांनी माना डोलावल्या. टिकटिकीकडं आठातल्या एकानंही लक्ष दिलं नव्हतं. आक्काला हसू आवरेना, ती पदर तोंडावर घेऊन हलायला लागली. मग बुद्धभूषणही हसला.

अक्षता मात्र हसली नाही. ती बापाकडं बघून विचार करत होती. "मग कानातलं काढून टाका," ती शेवटी म्हणाली. "सगळ्यांनीच काढा. टिकटिक मी ऐकते. हे सगळे तुमच्याकडं बघत्यात तर बघू देत. तुम्ही माझ्या हाताकडं बघा. हात पडला की सोडायचं. म्होरं लेकरू असू दे, न्हायतर आणि कुणी."

"आणि न्हाय सुटलं तर?"

"तर मी सांगलीला जाणार न्हाय. कागलला येईन आणि जन्मभर तुम्हाला बोल लावीन, आईच्या तोंडानं न्हाय, माझ्या तोंडानं."

यल्लाप्पानं क्लॅरिनेट उचललं, पत्ती बसवली आणि उभा राहिला. "भाकरी वाढ," तो मीनाबाईला म्हणाला.

तालमीला वेळ उरलाच नव्हता. अक्षता साहेबांपुढं जाऊन उभी राहिली आणि काय बोलली कुणास ठाऊक. साहेबांनी पुन्हा घड्याळ बघितलं, खांदे उडवले आणि जबाबदारी तुझी असं म्हणून आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

संध्याकाळी मैदान असं भरलं की पाय ठेवायला जागा नाही. कडेवर पोरं, खांद्यावर पोरं, हत्तीच्या सोंडेच्या कागदी टोप्या घातलेली पोरं. कागलहून दोन ट्रॅक्स गाड्या भरून माणसं आली होती आणि "जय भीम, यल्लाप्पा!" अशी आरोळी मागून आली तेव्हा व्हायोलिनवाली पोरगी दचकली. दिवे गेले, पडदा उजळला आणि अक्षताची काडी वर गेली.

मीनाबाईनं पिक्चर बघितलाच नाही. गजरा चुकली, माकडानं गाणं म्हटलं, घुबडानं म्हटलं, सगळं मैदान सोबत गात होतं, शेजारी आक्का त्या हत्तीच्या पिल्लासाठी नाक ओढून रडत होती. मीनाबाई मात्र पडद्याखालच्या उजव्या कोपऱ्यातल्या आठ लाल कोटांकडं बघत बसली होती. शेवटी एकदाची वरात आली. ढोल पडला आणि यल्लाप्पानं पहिला सूर लावला. काय तो सूर! मैदानावरून एक शीळ फिरली. पालुपद एकदा झालं. ससा, खार, अस्वल रिंगण धरून नाचायला लागले.

आणि मग प्रेक्षकातली पोरं सुटली. आधी दोन, मग वीस, मग मोजायची सोयच राहिली नाही. आईबापांचे हात सोडवून ती पडद्यापुढच्या मोकळ्या जागेत धावली आणि यल्लाप्पाच्या समोर नाचायला लागली. दुपारी एक खार होती, आता शेपाचशे पाय एकदम हवेत.

"मेलो," बुद्धभूषण म्हणाला.

पालुपद दुसऱ्यांदा सुरू झालं. यल्लाप्पाचा पाय ताल धरून आपटत होता, खांदे हलत होते, चाळीस वर्षांची हौस अंगात आली होती. मीनाबाईला त्याचा श्वास दिसत होता. तिसऱ्यांदा घ्यायच्या आधी तो असाच छाती भरून घ्यायचा. आता घेणार. आता कडेला माझ्याकडं बघणार. अक्षता बाकीच्या वादकांकडं पाठ करून सगळीच्या सगळी बापाकडं वळली होती आणि तिचा डावा हात वर होता. यल्लाप्पानं पोरांकडं बघितलं. मग त्यानं नजर उचलली. मीनाबाईकडं नाही. पोरीकडं.

हात पडला.

सूर तुटला. भरून घेतलेला श्वास त्यानं तसाच छातीत धरला, आणि त्याच्याकडं बघत बसलेली सातही माणसं जागच्या जागी थांबली. त्या शांततेत पडद्यावरच्या गजरानं नदीतून आईला हाक मारली, बरोबर तिच्या जागेवर. नाचणारी पोरं एक पाय उचललेला तसा ठेवून वळली आणि पडद्याकडं बघायला लागली. मग सगळं मैदान ओरडलं. मीनाबाईला पुढचं काही दिसेना, कारण तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि आक्का तिला पदर देत होती.

कार्यक्रम संपला, लोक पांगले, साहेब अक्षताच्या पाठीवर थाप मारून सांगलीच्या तारखेचं काहीतरी बोलून गेले. गुंडूनं टेम्पोत ढोल चढवला. मीनाबाई आणि आक्का रिकाम्या खुर्च्यांत बसून होत्या. एवढ्यात बुद्धभूषण धापा टाकत आला.

"आई, चल लवकर. पडद्यामागं बाबा आणि अक्षू भांडायला लागलीत. बाबा म्हणत्यात दुसऱ्या पालुपदाला हिनं हात घाईनं पाडला. ही म्हणतीया एका मात्रेची घाई न्हवती. बाबा म्हणत्यात मला शिकवतीस व्हय, ही म्हणतीया व्हय, शिकवतीया. तुझं नाव कुणीच घेत न्हाय. चल की, तू मिटव!"

पडद्यामागून यल्लाप्पाचा आवाज आला, त्याच्यावर पोरीचा चढला. मीनाबाईनं थोडा वेळ ऐकलं. मग तिनं चपला काढल्या आणि पाय समोरच्या खुर्चीवर पसरले.

"भांडू दे," ती म्हणाली.